केळीला 8 अंशांची थंडी का बाधते आणि 44 अंशांचे ऊन ती कसे सोसते?

प्रश्न : तापीकाठ

नमस्कार. आमची शेती रावेर तालुक्यात असून मुख्य पीक केळीचे, वाण ग्रँड नैन. आमच्या भागात या पिकाला वर्षातून दोनदा हवामानाचा तडाखा बसतो. डिसेंबरअखेर किमान तापमान 8-9 अंशांवर उतरले की नवा पोगा (गुंडाळलेले कोवळे पान) उलगडायचा थांबतो, पानांवर पिवळट पट्टे उमटून पुढे ते तपकिरी होतात, निसवणीला (खोडातून बाहेर पडायला) आलेला घड खोडाच्या तोंडाशी अडकून बसतो आणि तयार घडांवर चरका (थंडीने साल काळवंडणे) पडल्याने व्यापारी भाव पाडून मागतात. त्याच बांधाला लागून असलेले गहू-हरभरा मात्र त्याच थंडीत तरारलेले असतात. मे महिन्यात चित्र उलटे होते. पारा 44-45 अंशांवर गेला तरी, पाणी वेळेवर मिळाले आणि पश्चिमेच्या अंगाला शेवरीचा आडोसा असला, तर हीच केळी तग धरते.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे झाडाच्या आत नेमके काय घडते याची मला कल्पना नाही. 8 अंश म्हणजे काही बर्फ पडण्याची थंडी नव्हे. मग पाणी न गोठताही केळीच्या पेशी का बिघडतात? थंडीच्या रात्री पाणी सोडणे, बागेत धूर करणे, झाडावर फवारा मारणे हे जे उपाय सर्रास सांगितले जातात, त्यांपैकी कशाला आधार आहे? आणि माणसाला जशी हवामानाची सवय होते, तशी ती झाडाला लावता येते का? गेल्या हिवाळ्यात पानांवरचे डाग पाहून एका दुकानदाराने मला महागडे बुरशीनाशक दिले होते, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, म्हणून यंदा आधी कारण समजून घ्यावे असे ठरवले आहे.

उत्तर 1 : पर्णरंध्र

तापीकाठ यांस नमस्कार. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकीचे दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत.

गोठण्यामुळे होणारी इजा आणि नुसत्या गारठ्यामुळे होणारी इजा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोठण्यात पेशींच्या बाहेरच्या पोकळीत प्रथम बर्फ धरतो, तो पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी अक्षरशः सुकून मरते. केळीच्या बाबतीत तिथवर जावेच लागत नाही. केळी, टोमॅटो, काकडी, भात अशी उष्ण प्रदेशांत उत्क्रांत झालेली पिके साधारण 10 ते 13 अंशांच्या खालीच आजारू लागतात, आणि या आजाराचे मूळ पेशीच्या पटलात आहे. हे पटल स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. हिवाळ्यात डब्यातले तूप थिजते आणि शेजारच्या बाटलीतले गोडेतेल पातळच राहते, कारण तुपात संतृप्त मेदाम्ले जास्त आणि तेलात असंतृप्त जास्त असतात. केळीच्या पटलात तुपाकडे झुकणारे प्रमाण असते, गव्हाच्या पटलात तेलाकडे झुकणारे. पटल ताठर झाले की त्यात बसवलेली प्रथिने नीट काम करेनाशी होतात आणि पोटॅशियमसारखे क्षार पेशीतून बाहेर झिरपू लागतात. हे प्रयोगशाळेत सहज पाहता येते. थंडी लागलेल्या पानाच्या चकत्या ऊर्ध्वपातित पाण्यात टाकून थोड्या वेळाने त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली, तर निरोगी पानाच्या पाण्यापेक्षा ती ठळकपणे वाढलेली दिसते. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेताना मला नेहमीच मजा वाटे, कारण डोळ्यांना धडधाकट दिसणारे पानही यंत्रापुढे आपले दुखणे लपवू शकत नाही.

आता तुम्ही वर्णन केलेली लक्षणे एकेक करून पाहू. रात्री गारठलेल्या पानावर सकाळी लख्ख ऊन पडते तेव्हा हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतच असते, परंतु त्या ऊर्जेचा वापर करून साखर बनवणारी विकरे थंडीने मंदावलेली असतात. वापराविना उरलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे वळून त्याची घातक रूपे तयार होतात आणि ती हरितद्रव्यालाच जाळतात. पिवळे पट्टे येतात ते यामुळे. म्हणूनच ढगाळ सकाळीपेक्षा निरभ्र, उन्हाच्या सकाळी नुकसान अधिक होते. दुसरे म्हणजे, थंड मातीत मुळांची पाणी ओढण्याची क्षमता घटते, मात्र केळीची पर्णरंध्रे तितक्या तत्परतेने मिटत नाहीत. परिणामी माती ओली असतानाही पाने मलूल दिसतात आणि शेतकरी खताचा किंवा पाण्याचा डोस वाढवतो, ज्याची त्या वेळी मुळीच गरज नसते.

चरक्याची खूण साल नखाने हलकेच खरवडली की दिसते: वरच्या पापुद्र्याखाली बारीक तपकिरी रेषा असतात. तिथल्या वाहिन्यांभोवतीच्या पेशी फुटून त्यांतील फेनॉल-द्रव्ये काळवंडलेली असतात. असे फळ कापले तर चीकही कमी गळतो, आणि ते पिकले तरी साल सोनेरी न होता राखट पिवळी राहते. केळीची शीतगृहे 13-14 अंशांवर ठेवतात, त्याखाली नेत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे. घड अडकतो तो दांडा पुरेसा लांबत नाही म्हणून. वाढीचे काम थंडीत ठप्प झालेले असते आणि आतला घड मात्र बाहेर पडायच्या टप्प्यावर आलेला असतो.

गव्हाला हे का होत नाही? थंडीची चाहूल लागताच गव्हाच्या पेशींत कॅल्शियमची लाट उठते, पुढच्या काही मिनिटांत सीबीएफ या नावाने ओळखली जाणारी जनुके जागी होतात आणि त्यांच्या हुकुमावरून इतर शेकडो जनुकांचे काम बदलते. पटलातील असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते, शर्करा आणि प्रोलीन साठवले जाते. संदेश काही मिनिटांत पोहोचत असला तरी प्रत्यक्ष तयारीला काही दिवस ते काही आठवडे लागतात. हिवाळी राय या धान्याचे उदाहरण अभ्यासात नेहमी देतात: तयारी न झालेले रोप उणे 5 अंशांच्या सुमारास मरते, तेच हळूहळू थंडीत मुरलेले रोप उणे 30 अंशांपर्यंत जगते. केळीतही सीबीएफ गटातील जनुके आहेत, पण त्यांतून उभी राहणारी तयारी फार तोकडी पडते. ग्रँड नैन हा वाण संपूर्णपणे म्युसा अक्युमिनाटा या जंगली केळीच्या वंशातला आहे. ज्या वाणांत म्युसा बाल्बिसियाना या दुसऱ्या जंगली केळीचा अंश आहे, ते थंडी आणि अवर्षण दोन्ही तुलनेने बरे सोसतात.

डागांविषयी एक सूचना. करपा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतो, त्याचे ठिपके लांबट डोळ्यासारखे असून कडेला पिवळे वलय असते आणि बागेत तो काही झाडांवर जास्त, काहींवर कमी असा दिसतो. थंडीची इजा एकाच रात्रीनंतर सगळ्या बागेवर जवळजवळ सारखी उमटते. तुमच्या बुरशीनाशकाने काम केले नाही, कारण तिथे बुरशीच नव्हती.

उत्तर 2 : कांदेबाग

ताईंनी कारण सांगितले, मी शेतातली बाजू मांडतो. आमच्याकडे यावल भागात केळी पिढ्यान् पिढ्यांची आहे, आणि माझ्या मते थंडीवरचा सर्वांत मोठा उपाय लागवडीच्या तारखेत आहे. फवारणी-धुराचे उपाय त्याच्या नंतर येतात. जूनमध्ये लावलेली मृगबाग टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या) रोपांची असेल तर सात-आठ महिन्यांत, म्हणजे नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत निसवायला लागते. शिवाय केळफूल बाहेर दिसण्याच्या सुमारे दोन-तीन महिने आधीच घड खोडाच्या पोटात आकार घेऊ लागलेला असतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात. त्या काळात थंडी लागली तर फण्या कमी पडतात, फळे वेडीवाकडी होतात, आणि ती दिसतात तेव्हा बाहेर मस्त ऊब असते, त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीवर जातो. ऑस्ट्रेलियात याच प्रकाराला ‘नोव्हेंबर डंप’ म्हणतात: तिथला हिवाळा जून-ऑगस्टमध्ये असल्यामुळे त्या थंडीत पोटात धरलेले घड नोव्हेंबरात बिघडलेले निघतात.

कांदेबागेचा हिशेब वेगळा. ऑक्टोबरात लावलेले रोप थंडीत लहान असते, त्याची वाढ खुंटते, पण घडाचे नुकसान होत नाही; फेब्रुवारीत ऊब आली की ते उठते. मात्र त्याची निसवण कडक उन्हाच्या सुमारास येऊ नये याकडे लक्ष ठेवावे लागते, कारण 44-45 अंशांत घडाच्या दांड्याला ताण बसून घड सटकण्याचे प्रमाण वाढते. थोडक्यात, दोन्ही हंगामांत काही ना काही जोखीम आहेच, आणि सगळी जमीन एकाच तारखेला लावणे हा मला निव्वळ जुगार वाटतो.

बाकी, थंडीत हिरवी पाने कापू नयेत, घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकणारी पिशवी) घालावी, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ असावी. ठिबक पहाटे चालवावे. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. धुराचाही उपयोग होतो असा आमच्याकडे समज आहे. बागेच्या बांधावर ओला पाला जाळून जितका धूर जास्त तितके चांगले, असे जुने लोक सांगतात.

उत्तर 3 : निफाडकर

धुराच्या मुद्द्यावर मला थोडे असहमत व्हावेसे वाटते. निफाड तालुक्यात द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवण्याची पद्धत जुनी आहे, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की आजही रात्रभर शेकोट्या दिसतात. परंतु त्यातून जो काही लाभ होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि त्या उष्णतेने हवा वरखाली मिसळण्याचा. जमीन रात्री जी उष्णता आकाशाकडे फेकते ती लांब तरंगलांबीची असते, आणि धुराचे कण इतके बारीक असतात की ती अडवण्याच्या कामी ते जवळजवळ निरुपयोगी ठरतात. म्हणून एका कोपऱ्यात मोठा धूर करण्यापेक्षा बागेत जागोजागी लहान, धगधगत्या शेकोट्या ठेवलेल्या बऱ्या. वर सकाळी धूर बागेत साचून राहिला तर तो उन्हालाही थोपवतो आणि बाग उशिरा तापते, हा उलटाच तोटा.

याच कारणाने हवामान केंद्राचा आकडा आणि झाडाचे तापमान यांत फरक पडतो. केंद्रावरचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. उघड्या आकाशाखालचे पान त्याहून काही अंशांनी थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, तेव्हाही पेटीतला पारा बहुधा शून्याच्या वरच असतो. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून सखल भागात जाऊन साठते. त्यामुळे तुमच्या शिवारात नाल्याकाठचा, खोलगट तुकडा असेल तर तिथे केळीपेक्षा गहू बरा.

द्राक्षाचे एक उदाहरण या चर्चेत बसते म्हणून सांगतो. युरोपात हीच द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्त होते आणि तिचे डोळे उणे 15 अंशांतही जिवंत राहतात. आपल्याकडे आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून तिला बारमाही जागी ठेवतो, त्यामुळे ऐन थंडीत तिच्या अंगावर कोवळी पाने आणि फुगवणीतले मणी असतात. 4-5 अंशांतच मण्यांची फुगवण थांबते, साखर भरलेल्या मण्यांना तडे जातात. वेलीची जात एकच, सोसण्याची ताकद मात्र ती कोणत्या अवस्थेत सापडली त्यावर ठरते.

पुन्हा प्रश्न : तापीकाठ

सर्वांचे आभार. कांदेबाग दादांचा तारखांचा मुद्दा आणि निफाडकरांचा खोलगट जमिनीचा मुद्दा दोन्ही माझ्या शेताला तंतोतंत लागू आहेत. पर्णरंध्र ताईंना आणखी दोन गोष्टी विचारतो. पहाटे पाणीच द्यायचे तर ठिबकऐवजी वरून तुषार सिंचन केले तर पाने जास्त वाचतील का? आणि उन्हाळ्याचे व सवयीचे उत्तर अजून राहिले आहे.

उत्तर 4 : पर्णरंध्र

तुषार सिंचन केळीवर थंडीत करू नका. सफरचंदाच्या बागांत ते करतात, कारण तिथे पाणी पानाफुलांवर गोठते आणि गोठताना दर ग्रॅममागे सुमारे 334 ज्यूल उष्णता सोडते. तुमच्याकडे 8 अंशांना पाणी गोठणार नाही, कोरड्या हवेत त्याचे बाष्पीभवन होईल, आणि बाष्पीभवन दर ग्रॅममागे सुमारे 2400 ज्यूल उष्णता पानाकडूनच काढून घेईल. म्हणजे पान आणखी गारठेल. जमिनीवरचे ठिबक योग्यच आहे: ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते. तरी त्यातून एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो हे लक्षात ठेवावे, आणि मुळाशी पाणी तुंबू देऊ नये.

उन्हाळ्यात हेच बाष्पीभवन केळीचा मुख्य आधार ठरते. पाण्याची ददात नसेल तर पानाचे तापमान हवेच्या आसपास किंवा त्याखाली राहू शकते. केळीच्या पानाला आणखी एक सोय आहे: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पट्ट्यांतील पेशींचा फुगवटा कमी झाला की पानाचे दोन्ही अर्ध खाली मिटतात आणि दुपारचे ऊन थेट अंगावर घेत नाहीत. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान बागेत उभे राहिलात तर ही हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसते. वाऱ्याने फाटलेल्या पानाबद्दलही हळहळण्यापूर्वी विचार करावा. अरुंद चिंध्यांवरून हवा सहज खेळते आणि त्या अखंड पानापेक्षा थंड राहतात, असे मोजमापांत दिसून आले आहे. अर्थात पान पार झालरीसारखे झाले तर अन्न बनवण्याचे क्षेत्रच घटते, त्यामुळे शेवरीची ओळ हवीच.

पाणी अपुरे पडले की पर्णरंध्रे मिटतात, गारवा थांबतो आणि पान हवेपेक्षा बरेच तापते. साधारण 47-48 अंशांच्या आसपास पानाची ऊती कायमची भाजते. त्याच्याही बरेच आधी प्रकाशसंश्लेषण मंदावलेले असते, कारण कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या रुबिस्को या विकराला चालू ठेवणारे रुबिस्को अॅक्टिव्हेज हे प्रथिन उष्णतेला विलक्षण हळवे आहे. या टप्प्यावर पेशी हीट शॉक प्रथिने बनवू लागते. हा प्रतिसाद प्रथम फेरुच्चो रितोसा यांनी 1962 मध्ये फळमाशीत नोंदवला आणि पुढे तो जीवसृष्टीत जवळपास सर्वत्र आढळला. उष्णतेने उलगडू लागलेल्या प्रथिनांना ही हीट शॉक प्रथिने धरून ठेवतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ देत नाहीत आणि जी सावरण्याजोगी आहेत त्यांना पुन्हा घडीत बसवतात.

सवयीचा प्रश्न इथेच सुटतो. उष्णतेची सवय वनस्पतीला खरोखर होते, आणि लवकर होते. थेल क्रेस या छोट्या रोपट्याला आधी 38 अंशांचा तास-दीड तासाचा सौम्य ताप दिला, तर एरवी मारक ठरणारे 45 अंशांचे तापमान ते सोसते. मात्र हीट शॉक प्रथिनांपैकी एचएसपी 101 हे एकच प्रथिन त्यातून काढून टाकले तर सामान्य तापमानात रोप धडधाकट वाढते, पण ही कमावलेली सहनशक्ती नाहीशी होते. ती टिकतेही काही दिवसच. त्यामुळे मार्चपासून टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले ऊन केळी जितके सोसते, तितकी मार्चमध्येच एकदम आलेली लाट सोसत नाही. गव्हावर हे 2022 मध्ये दिसले: देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च त्या वर्षी नोंदला गेला, दाणे भरण्याचा काळच आखडला आणि मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली.

थंडीच्या बाबतीत केळीला अशी सवय फारशी लावता येत नाही. रोपवाटिकेत टिश्यू कल्चर रोपांचे जे हार्डनिंग करतात, त्याचा उद्देश निराळा असतो: बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या रोपावर मेणाचा थर पातळ असतो आणि त्याची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, ते दोन्ही सुधारावे म्हणून त्याला शेडनेटमध्ये हळूहळू कोरडी हवा आणि ऊन दाखवले जाते. ‘हार्डनिंग झालेले रोप म्हणजे थंडीला पक्के’ असे कोणी सांगून जादा पैसे मागितले तर देऊ नका.

एक दिलासा मात्र आहे. गारठ्याची इजा सुरुवातीला दुरुस्त होऊ शकते. एका थंड रात्रीनंतर दिवस चांगला उबदार मिळाला तर पटले पूर्ववत होतात आणि झिरपा थांबतो. धोका सलग रात्रींचा असतो, आणि फळपीक विम्यात किमान तापमान सलग काही दिवस खाली असण्याची अट घालतात ती, शेतकऱ्याला कितीही जाचक वाटली तरी, झाडाच्या बाजूने पाहता अगदीच निराधार नाही. पहिल्या थंड रात्रीनंतर घाईने पाने कापू नयेत, नत्राचा डोस वाढवू नये, ठिबक बेताचे चालू ठेवावे आणि पोगा पुन्हा हलू लागेपर्यंत थांबावे. पोगा उलगडू लागला की मुळे कामाला लागली असे समजून मग खत द्यावे. तोवर दिलेले खत मुळांना उचलता येत नाही.